चादरीमागून जपानी

ऐका बापा. लाखांदुराच्या अलीकडं एक गाव, गावाले एक तलाव, तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, एक घर. त्या घरात तीन बाया राहत. म्हातारी भागरथा, तिची सून शेवंता आणि शेवंताची पोरगी प्रणाली. शहाणी म्हणाल तर नात, कष्टाळू म्हणाल तर सून, आणि घोळ घालणारी म्हणाल तर भागरथा. ती मीच. काय घोळ घातला ते सांगायचीही लाज वाटते, पण तुम्ही चहाले थांबलेच आहात तर ऐकून घ्या.

घरात माणूस नाही हे ध्यानात आलंच असेल. माझा पोरगा, प्रणालीचा बाप, शिंगाडे काढायले तलावात उतरला. वेलीत पाय गुंतला, तो वर आला नाही. पोरगी तेव्हा बारा वर्षांची, पाळीवर टोपली धरून उभी होती. तिनं सारं पाहिलं. तेव्हापासून दुकानात जायचं तरी ती गावाले वळसा घालून जाते. तलावाचं नाव आमच्या घरात कोणी काढत नाही.

शेवंता मांडीवर सूप घेऊन बिड्या वळते. तंबाखूच्या भुकटीनं तिची छाती भरली. खोकते आणि वळते, वळते आणि खोकते.

पोरगी नर्सिंग शिकली. भंडाऱ्याच्या एका क्लासवाल्या सरांनी सांगतलं, जपानात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायले पोरी पाहिजेत, फक्त जपानी बोलता आलं पाहिजे. झालं. सहा महिने ती माझ्यासमोर बसून घोकत होती आणि मी भाजी निवडत ऐकत होती. मले अक्षर येत नाही, पण कानात गेलेलं काही बाहेर निघत नाही. तिचं नाव, तिचं वय, लग्न नाही झालं, रातपाळी चालेल, सारं जपानीत मले पाठ. अर्थ विचाराल तर शून्य.

एक दिवस म्हणली, "आजी, मुलाखतीत शौक विचारतात."

"कोनाचे?"

"माझे."

"नोकरी देऊन राहिले का सोयरीक जुळवून राहिले?"

"मानूस कसा आहे ते पाहतात म्हने. साऱ्या पोरींनी एकच शौक सांगू नये म्हनून सरांनी वाटून देल्ले. एकीले पुस्तकं, एकीले गाने."

"अन तुले?"

"शुमि वा सुइएइ देस," म्हणली, आणि उठून गेली.

मी म्हटलं, असेल काहीतरी. शौक रेशनासारखे वाटल्यावर ज्याच्या वाट्याले जे येईल ते.

मोबाइलवर दोन मुलाखती झाल्या. दोन्हींत पोरगी तिथंच अडली. शौक विचारला की तोंडाले कुलूप. सर म्हणाले, तिसरी शेवटची, मग नाव कापतो. शेवंतानं कोपऱ्यातलं दुसरं सूप झटकून ठेवलं, पोरीले बिड्या वळायले बसवायचं म्हणून.

आता माझ्या घरधन्याबद्दल सांगणं आलं. आमच्याकडं दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, मंडईत नाटक होते, आणि आमचा म्हातारा नाटकाचा प्रॉम्टर होता. नट अडला की पडद्यामागून वाक्य द्यायचं काम त्याचं. घरी तो पुस्तक मोठ्यानं वाची, मले ऐकून पाठ होई. एका वर्षी त्याचा घसा बसला, तर पुरं नाटक पडद्यामागून मी काढून देल्लं. नट अडलेला ठेवायचा नाही, हा आमच्या घरचा धर्म.

तिसऱ्या मुलाखतीले सर म्हणाले होते, मागं साफ पाहिजे, बिडीचा पसारा दिसू नये. म्हणून शेवंतानं दोरीवर चादर टांगली. पुढं नात आणि मोबाइल, मागं तेंदूची पानं, सूप आणि मी. आता तुम्हीच सांगा, मले दुसरं काय वाटणार?

मोबाइलवर एकीकडं मुलाखत घेणारी जपानी बाई, एकीकडं सर. बाईचे पहिले सवाल पोरीनं धडाधड सोडवले. मग बाईच्या बोलण्यात ते शौकाचं 'शुमि' ऐकू आलं.

"शुमि वा..." पोरगी म्हणली, आणि थांबली.

मी हळूच वाक्य देल्लं, "सुइएइ देस."

पोरगी गप्प.

जरा मोठ्यानं देल्लं. तरी गप्प. तिसऱ्यांदा असं देल्लं का मंडईत सगळ्यात मागच्या चटईवरच्याले ऐकू जावं.

मोबाइलमधून सर ओरडले, "कोण आहे मागं? चादर बाजूला करा आधी."

पोरीनं चादर ओढली. मी पानाच्या ढिगात, पदर तोंडाशी. ती रडून राहिली होती.

"आजी, सुइएइ म्हंजे पोहनं," ती म्हणली. "पोहनं आहे ते."

बापा, मले भुईत जागा पुरेना. पाळीवर टोपली घेऊन उभ्या असलेल्या त्या पोरीले पाण्याचा शौक आहे, असं मी तीनदा सांगून बसली होती. दर वेळी माझ्यासमोर तिनं तो शब्द गिळला, आणि मले वाटलं पोरीचं पाठांतर कच्चं.

शेवंता दारातून म्हणली, "आत्याबाई, तुमाले गप बसाले सांगतलं होतं."

पोरीनं डोळे पुसले आणि बाईशी तुटक तुटक बोलली. काय बोलली ते मले मागाहून सांगतलं. मले पोहता येत नाही. बाप पाण्यात गेला. हा शौक सरांनी देल्ला. सांजच्या वेळी आजीच्या पायाले तेल लावते आणि ती गोष्ट सांगते ते ऐकते, तेवढंच मले आवडते. त्याले शौक म्हणत असतील तर तो माझा शौक.

मग बाईनं मले पुढं बोलावलं आणि काहीतरी विचारलं. सारे माझ्याकडं पाहून राहिले. मी तर प्रॉम्टरची बायको, जागा रिकामी कशी ठेवू? हात जोडले आणि पाठ होतं ते सारं म्हणून टाकलं, नावापासून रातपाळीपर्यंत, मधलं पोहणंही न गाळता. बाईनं तोंडावर हात ठेवला. सरांनी कपाळाले लावला.

नवव्या दिवशी सरांचा फोन आला. शेवंतानं ऐकलं, आणि उठून दोन्ही सुपं पालथी करून भिंतीले टेकवली. आता प्रणाली जपानात एका म्हातारीच्या पायाले तेल लावते, आणि शेवंताचा खोकला उतरणीले लागला. त्या घराचं असं भलं झालं.

फोन ठेवताना सर मले म्हणाले, "आजी, बाई सांगतात का तुमचं जपानी नातीपेक्षा साफ आहे. तुम्हालेही घेतलं असतं. पण वय तेवीस आणि लग्न झालं नाही म्हणता, त्याचे कागद दाखवा म्हणतात."