चार बोटांवरची नजर

रफूवालीचं त्या सकाळी एका जागी बूड टेकेना. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या गारगार हॉलमध्ये तिने तीन खुर्च्या बदलल्या, दोनदा पाणी पिऊन आली, भिंतीवर कापून दाखवलेल्या डोळ्याचं चित्र होतं ते बघून चौथी खुर्ची गाठली.

"आई, बस गं एका जागी," लेक म्हणाली. लेक सतरा वर्षांची, पण दटावणं सासूचं.

"बसलेच आहे की," असं म्हणत रफूवाली पुन्हा उठली.

एका लॉन्ड्रीच्या कोपऱ्यात टेबल टाकून ती बावीस वर्षं रफू करत आली होती. सिगारेटने जळलेला कोट, कसरीने खाल्लेली बाही, खिळ्याला अडकून फाटलेली पॅन्ट, काहीही आणा. फाटलं होतं कुठे ते नंतर मालकालाही सापडत नसे. चष्म्याचा नंबर मायनस आठ. कामाला बसली की ती चष्मा काढून ठेवायची, कापड नाकापासून चार बोटांवर धरायची आणि त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून काढलेला धागा एक वर, एक खाली असा भरत जायची. मग जग गेलं उडत. समोरचा माणूस म्हणजे नुसता रंगाचा ठिपका. एकदा तर खुद्द नवऱ्याला तिने "साहेब, पावती दाखवा" म्हणून अडवलं होतं. तो बिलंदर, खिसे चाचपून "घरी राहिली हो बाई" म्हणाला आणि वर्षभर ही गोष्ट सांगून खिदळत राहिला.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी एका दुपारी लेक टेबलासमोर येऊन उभी राहिली. रफूवालीने कोटातून मान न काढता विचारलं, "लागला निकाल?" लेक म्हणाली, "लागला." "बरा आहे ना?" "हो." "मग जा, जेवून घे." थोडा वेळ थांबून लेक गेली. संध्याकाळी इस्त्रीवाला म्हणाला, "ताई, पोरगी एवढी रडत होती, तुम्ही काहीच बोलला नाहीत?" दोन विषयांत नापास झाली होती. पोटची पोर हाताच्या अंतरावर डोळे गाळत उभी होती आणि आईला पत्ता नाही. हे तिने कुणाजवळ काढलं नाही, पण ते तिला आतून खात राहिलं. त्याच आठवड्यात तिने ठरवलं, लेझर करून टाकायचं. चष्मा गेला की कापडही दिसेल आणि समोरचा चेहराही. धाकट्या बहिणीने पंचविसाव्या वर्षी करून घेतलं होतं आणि तेव्हापासून ती असं सांगत फिरे, जणू डोळे हा प्रकार तिनेच शोधून काढला. रफूवालीला पंचेचाळिसावं लागलं होतं, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

बाकी तयारी चोख होती. नंबर दोन वर्षं हललेला नव्हता, बुबुळावरचा पडदा पुरेसा जाड निघाला, डोळे कोरडे नव्हते. अर्जावर 'व्यवसाय' होता तिथे मात्र तिने लेकीला 'गृहिणी' लिहायला लावलं होतं. त्या चकचकीत काउंटरवर 'रफू' लिहायची तिला लाज वाटली. वर म्हणाली, "डोळ्यांशी काय संबंध त्याचा?"

आता बोलावणं येईना आणि हात रिकामे. शेवटी तिने पिशवीतून गिऱ्हाइकाचं जाकीट काढलं, चष्मा लेकीकडे दिला आणि नाक कापडात खुपसलं. पाच-सात टाके पडले तेव्हा कुठे श्वास ताळ्यावर आला.

मागच्या खेपेला जिने डोळे तपासले होते ती बाई फाईल घेऊन तिला न्यायला आली आणि बघतच राहिली. "हे तुम्ही रोज करता?"

"बावीस वर्षं."

"फाईलमध्ये तर गृहिणी लिहिलंय." रफूवालीने पुढचा टाका घातला. "बरं, आता हेच चष्मा लावून करा बघू."

"चष्म्यातून कुठं दिसतंय? जाड काच ती. म्हणून तर कायमचा काढायचाय."

बाई शेजारी बसली. "काचेचा दोष नाही, ताई. आत्ता चष्म्यातून जसं दिसतं ना, लांबचं स्वच्छ आणि सुईजवळचं पुसट, तसंच लेझरनंतर दिवसभर दिसणार. या वयात जवळचं असंच होतं. आज मायनस नंबर आहे म्हणून तुम्ही चष्मा काढून धागा बघू शकता. नंतर काढायला काही उरणार नाही."

"जवळचा चष्मा लावीन."

"लावा, भिंगही मिळेल. पुष्कळ जण तसं करतात. पण इतकं बारीक काम जमेलच, असं मी सांगणार नाही. ठरवा तुम्ही. डॉक्टरांना मी हे सांगते, तेही बोलतील." बाई आत गेली.

रफूवालीने लेकीकडून चष्मा घेऊन लावला आणि जाकीट जवळ धरलं. धाग्यांची नुसती गिचमिड. लांब धरलं तर वीण दिसेना. चष्मा काढला, कापड नाकाशी आणलं. एकेक धागा वेगळा. असं तिने चार वेळा केलं, चष्मा परत लेकीच्या हातात दिला, सुई उचलली आणि तिला संताप आला, बहिणीचा, बाईचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. लेझर केलं तर हातचं काम जाईल, नाही केलं तर पोरगी पुन्हा समोर रडेल आणि कळणार नाही.

"निकालाच्या दिवसामुळे करतेयस ना हे?" लेकीने विचारलं. "इस्त्रीवाल्या काकांनी सांगितलं मला, तुला बोलले ते."

रफूवालीच्या हातातली सुई थांबली. "मला खरंच दिसलं नाही गं."

"माहितेय. म्हणून तर तिथे आले. घरी रडले असते तर तू शंभर प्रश्न विचारले असतेस. मला फक्त तुझ्याजवळ रडायचं होतं."

रफूवालीने सुई जाकिटात खोचली. मग चष्म्यासाठी हात पुढे केला. तो लेकीच्या हातावर पडला आणि तिथेच राहिला.

बाई परत आली. "काय ठरलं?"

"नाही करत," रफूवाली म्हणाली. मग लेकीकडे तोंड वळवून हलकेच म्हणाली, "येत जा तशीच. मी मान वर करणार नाही."