स्वभावाने चांगला

चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा, लगेच न घालता हातातच धरून समोरच्या भिंतीकडे बघायचं आणि म्हणायचं, "स्वभावाने चांगला आहे." एवढं झालं की समजायचं, तो खेळाडू कटाप.

तुम्हाला याची फोड करून सांगायला नको. लग्न जमवणारी माणसं मुलाचं शिक्षण, नोकरी, उंची सगळं बाजूला ठेवून जेव्हा "स्वभावाने चांगला आहे हो" म्हणतात, तेव्हा मुलीची आई हातातला कप खाली ठेवते. आपल्याकडे नकार असाच देतात. माझे एक सहकारी फक्त हा नकार नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या एका ऑफिसात बसून ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलपटूंना द्यायचे.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याला माहीत असलेला नव्हे. चेंडू लांबट, मैदान अंडाकृती, दोन्हीकडे अठरा-अठरा माणसं, हात चालतात, पाय चालतात, आणि एकमेकांना लोळवलं तरी कोणाला वाईट वाटत नाही. आमच्या ऑफिसात एक ऑस्ट्रेलियन होता, त्याने फॅन्टसी लीग सुरू केली. खऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकाने आपापला संघ निवडायचा, शनिवार-रविवारी ते मैदानात जे काही करतील त्याचे गुण आपल्या खात्यात. तो ऑस्ट्रेलियन वर्षभरात मायदेशी गेला. लीग मात्र आमच्या गळ्यात पडली. आम्ही नऊ जण, त्यातल्या आठांना या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

नववे ते. नेदरलँड्सला यायच्या आधी सहा वर्षं मेलबर्नला होते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, मूळचे पुण्याचेच, पण मला कायम अहो-जाहो. मी दोनदा म्हटलं, अरे म्हणा. तर म्हणाले, "राहू द्या. अरे म्हटलं की माणूस कामं सांगायला लागतो."

तिकडचे संघ गुरुवारी संध्याकाळी जाहीर होतात, म्हणजे आमच्याकडे गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास. बरोबर त्याच वेळी आमची रोजची उभ्याउभ्याची मीटिंग असायची. त्यांची पाळी आली की ते काल काय केलं, आज काय करणार हे अर्ध्या मिनिटात उरकायचे आणि थेट पॅन्ट्रीत, फोनवर संघ बघायला. मग तिथून निकाल घेऊन यायचे. कोण आत, कोण बाहेर. "तुमचा तो डावखुरा बसवला," असं माझ्या कानाशी येऊन सांगायचे, घरात काही वाईट घडल्यासारखं.

त्यांचा स्वतःचा एक क्लब होता. मेलबर्नला घराजवळ मैदान होतं म्हणून जडलेला. हा क्लब सालाबादप्रमाणे तळाशी. पण दर फेब्रुवारीत ते त्या क्लबच्या यच्चयावत खेळाडूंची यादी करायचे, चाळीसेक नावं, प्रत्येकापुढे एक ओळ. "गुडघा बरा झाला, भीती गेली नाही." "पळतो पुष्कळ, चेंडू असतो तिथे नाही." "लग्न ठरलंय, यंदा लक्ष लागणार नाही." ओळी इंग्रजीत, पण शेवटचा निकाल मराठीत, रोमन लिपीत. निकाल तीनच. घ्या. थांबा. स्वभावाने चांगला.

आमचा मॅनेजर डच. सहा फूट चार इंच, दुपारी ब्रेड-चीज आणि ग्लासभर दूध, मनात येईल ते तोंडावर. तोही लीगमध्ये. पहिल्या वर्षी त्याने 'स्वभावाने चांगला'चा शब्दशः अर्थ कुठूनतरी काढला, आणि चांगला म्हणजे चांगला असं धरून असले पाच जण संघात घेतले. शेवटचा आला. मग एका दुपारी त्याने यांना गाठून विचारलं, हा काय प्रकार आहे. यांनी चष्मा पुसत शांतपणे समजावलं की आमच्याकडे एखाद्याच्या फक्त स्वभावाचं कौतुक केलं, तर याचा अर्थ बाकी सांगण्यासारखं काही नाही.

मॅनेजर इतका खूश झाला की विचारू नका. म्हणजे तुम्ही लोकही नाही म्हणता, फक्त गोड म्हणता, असा त्याला शोध लागला. त्यानंतर ऑफिसात ते एक खूळच झालं. कॅन्टीनचं वाटाण्याचं सूप, स्वबावाने चांग्ला. नवीन प्रिंटर, स्वबावाने चांग्ला. आम्ही हसायचो. तेही हसायचे, जरा कमी.

एक गोष्ट मात्र आम्हा कोणाला कळत नव्हती. त्यांच्या स्वतःच्या संघात दरवर्षी एक खेळाडू असा असायचा, ज्याला त्यांनी स्वतःच नापास केलेलं असायचं. त्यांच्याच क्लबचा एक बचावपटू, बत्तीस-तेहतिशीचा, सावकाश. मी विचारलं, "अहो, हा कशाला? एक जागा फुकट."

"एखादा असू द्यावा," ते म्हणाले. "बाकीचे आहेत की खेळायला."

मेलबर्नहून ते का आले हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, बसस्टॉपवर. कायमच्या परवान्यासाठी तिकडे वयाची अट होती, पंचेचाळिशीच्या आत. यांचा नंबर येईपर्यंत यांनी पंचेचाळिशी ओलांडली. सहा वर्षं, घर, मुलीची शाळा, सगळं आवरून निघाले. "वाढदिवसाला केक आणला होता हिने," म्हणाले. "कापताना लक्षात आलं." बस आली.

त्यामुळे इथे त्यांनी पहिल्या दिवसापासून एकच धरलं होतं, पाच वर्षं. सलग पाच वर्षं नोकरी आणि डच भाषेची परीक्षा, की कायमचं राहता येतं. परीक्षा ते कधीच पास झाले होते. सुपरमार्केटच्या काउंटरवर डचमध्ये बोलायचे, काउंटरवरची मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची, हे पुन्हा डचमध्येच. मागे रांग वाढायची. मला लाज वाटायची, खोटं कशाला सांगू. मला तेव्हा धन्यवाद आणि पिशवी नको, एवढंच यायचं. त्यांची मुलगी चौदाची, आईशीसुद्धा डच मिसळून बोलायची आणि वहिनी तिला मराठीत रागवायच्या. पाच वर्षं त्या डिसेंबरात पुरी होणार होती.

एप्रिलमध्ये वरून निरोप आला की आमच्या टीममधल्या दोघांपैकी एकच जागा राहणार. दोघं म्हणजे ते आणि मी. कंत्राटं दोघांचीही मेअखेर संपत होती. परवाना नोकरीला बांधलेला असतो हे तुम्हाला माहीत असेल. नोकरी गेली की तीन महिने मिळतात, तेवढ्यात दुसरी शोधा, नाहीतर सामान बांधा. मी नुकतंच उइटहॉर्नला घर घेतलं होतं. बायको सात महिन्यांची गरोदर. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण इतकी वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत आलोय.

मॅनेजरने मला दुपारी चक्कर मारायला बोलावलं. डच लोकांची ही रीत आहे, जेवण झालं की कालव्याकडेने वीस मिनिटं चालायचं, आणि खरं बोलणं असेल तर तिथेच करायचं. चालता चालता म्हणाला, मला प्रामाणिक मत हवंय. तुझ्या संघात तू त्याला घेशील का?

इंग्रजीत सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. आमचं जुनं बिलिंगचं सगळं काम त्या माणसाच्या डोक्यात होतं. मी तिथे लागलो तेव्हा पहिले सहा महिने माझ्या चुका त्यांनी माझ्या नकळत दुरुस्त केल्या होत्या. मला त्या कळल्या कशा, तर दुसऱ्याच कोणीतरी सांगितल्या. यातलं एक वाक्य बोललो असतो तरी चाललं असतं. मी हसलो आणि मराठीत म्हणालो, "स्वभावाने चांगला आहे."

मॅनेजर खो खो हसला. मीही हसलो. मग आम्ही हवेबद्दल बोललो.

तुम्ही म्हणाल, एका शब्दाने काय होतंय, वर ठरलंच असणार. मीही बरेच दिवस हेच म्हणत होतो. गंमत केली, एवढं काय. पण मला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता, त्यालाही माहीत होता, आणि त्याला माहीत आहे हे मला माहीत होतं. नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून मी गोड बोललो. झालं एवढंच.

त्यांना कळलं त्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. "सांगितलं आत्ता. तुमचं राहिलं ना?"

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं. घरात बाळ येतंय." आणि जाऊन कामाला बसले. त्या दिवशी गुरुवार होता, पण ते पॅन्ट्रीत गेले नाहीत.

मेअखेर निरोपाचा केक झाला. सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड, पुस्तकांच्या दुकानाचं कूपन, आणि मॅनेजरचं भाषण. तो मनाने वाईट नाही. त्याला काहीतरी छान बोलायचं होतं. म्हणाला, "या टीममधल्या कोणालातरी मी याच्याबद्दल विचारलं, तर उत्तर मिळालं, स्वबावाने चांग्ला." लीगवाले हसले. "पण मला आज ते शब्दशः म्हणायचंय. हा माणूस खरोखर चांगला आहे." असं म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं, दाद मागतात तसं.

त्यांनीही माझ्याकडे बघितलं. मग चष्मा काढला, पुसला आणि आभाराचं भाषण डचमध्ये केलं. चार-पाच वाक्यंच असतील. एक बाई डोळे टिपायला लागल्या. मला एक अक्षर कळलं नाही. नंतर कार्ड पिशवीत ठेवत असताना मी जवळ जाऊन विचारलं, "काय म्हणालात?"

"काही नाही, आभार मानले," ते म्हणाले. मग पिशवीची चेन लावली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "उच्चार बरा शिकवलात त्याला."

त्यानंतर तीन महिने ते इथेच होते, आमच्या घरापासून सायकलवर वीस मिनिटांवर. मी एकदाही गेलो नाही. झूटरमेरच्या एका कंपनीत त्यांची मुलाखत आहे असं बायकोने वहिनींकडून ऐकलं. तिथे माझ्या ओळखीचा एक जण होता. फोन करीन करीन म्हणत राहिलो. काय सांगणार होतो त्याला? माणूस कसा आहे विचारलं असतं, तर माझ्या तोंडून काय निघालं असतं? पन्नाशीच्या माणसाला तीन महिन्यांत कोणी घेतलं नाही. ऑगस्टच्या अखेरीला तिघं पुण्याला गेली. मुलगी विमानतळावर सबंध वेळ डचमध्ये रडत होती, असं वहिनींनी बायकोला फोनवर सांगितलं. डचमध्ये रडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं नाही. आता माझी मुलगी रडते तेव्हा कळतं.

सप्टेंबरात मॅनेजर पुन्हा चक्कर मारायला घेऊन गेला. तीच वाट. लीग संपली होती, तो सातवा आला होता, खुशीत होता. बोलता बोलता म्हणाला, "तुला एक गंमत सांगायची राहिली. एप्रिलमध्ये मी तुला विचारलं ना, त्याच्या आदल्या दिवशी त्यालाही विचारलं होतं. तुझ्याबद्दल."

मी चालत राहिलो.

"त्याने तर चष्मासुद्धा काढला नाही. लगेच म्हणाला, ग्या." त्याने हाताने देण्याची खूण केली. "ग्या, बरोबर ना? मला फार बरं वाटलं. तुमच्या दोघांचं एकमत होतं, त्यामुळे मला निर्णय सोपा गेला."

मी म्हणालो, हो, बरोबर आहे उच्चार.

गेल्या वर्षी माझी पाच वर्षं भरली. भाषेची परीक्षा कशीबशी पास झालो, कार्ड आलं, बायकोने शिरा केला. लीगची ती जुनी शीट आता माझ्या ताब्यात आहे, फेब्रुवारीतली यादीही मीच करतो, निकालाचे शब्द इंग्रजीत लिहितो. त्या वर्षीचं पान अजून उघडतं. मेनंतर त्यांनी संघाला हात लावलेला नाही. तो सावकाश बचावपटू जूनमध्ये जखमी झाला, नंतर खेळलाच नाही. त्याच्या नावापुढे आठवड्यामागून आठवडा शून्य आहे. त्याला बाहेर काढून दुसरा कोणी घेतला असता तर ते त्या वर्षी पहिले आले असते, मी बेरीज करून बघितली. फक्त काढायला हवं होतं.