सटाण्याचे देव

आमच्या धंद्यात वर्ष तीनदा संपतं. दिवाळीच्या पाडव्याला आपल्यासाठी, मार्चअखेर सरकारसाठी आणि एकतीस डिसेंबरला मुंबईकरांसाठी. नाशकात वाइन प्यायला आलेली मंडळी परतताना गावात चक्कर टाकतात, आणि आईवडिलांच्या घरातून ज्या वस्तू मोडीत घातल्या, त्याच माझ्या दुकानातून विकत नेतात. माझी तक्रार नाही. त्यांनी मोडीत घातल्या नसत्या तर मी खाल्लं काय असतं? यंदा तांब्याची घंगाळं चांगली गेली. आमच्या वडिलांनी जन्मभर ज्यातल्या पाण्याने अंघोळ केली, त्यात आता हॉटेलांच्या दारात झेंडूच्या पाकळ्या पोहतात. पाटे-वरवंटे बागांमध्ये गेले. लाकडी खांब मात्र हलले नाहीत, येणारा जाणारा फक्त टेकून फोटो काढतो. नवीन वर्षात खांब घ्यायचे नाहीत, हे मी ठरवून टाकलं आहे.

मुलीचा बेत वेगळा. तिला दुकान मोबाइलवर आणायचं आहे. हात लावल्याशिवाय पितळ कळत नाही, हे तिला सांगून मी थकलो. ती फोटो काढत असते आणि मी वस्तू पुसत असतो.

पहिल्यापासून माझा एक नियम आहे, देव घ्यायचे नाहीत. देव्हारा घेतो, समई घेतो, घंटा घेतो, पण देव नको. घरात नको झालेले देव लोक गंगेत, म्हणजे आमच्या नाशकातल्या नदीत, सोडतात, ते बरं. दुकानात आलेला देव म्हणजे ना धड माल, ना धड देव. हा नियम यंदा मोडला.

फेब्रुवारीत सटाण्याहून एक म्हातारे आले. तिथल्या कांदा मार्केटात त्यांनी मापाडी म्हणून आयुष्य काढलं होतं. बायको गेली, घर विकलं, आता कायमचे पुण्याला मुलाकडे निघाले होते. रिक्षात सागवानी देव्हारा होता आणि देव्हाऱ्यात चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेले तीन टाक. एक घोड्यावरचा खंडोबा, एक गडावरची देवी आणि एक वीर. घराण्यातला एखादा पुरुष अवेळी गेला की तो वीर होऊन देवांत बसतो. हा वीर त्यांच्या आज्याचा भाऊ. सून वाईट नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पण घरातली सगळीच नोकरीवर जाणारी, आपल्यामागे या देवांकडे कोण बघणार, ही त्यांची काळजी. ते देव गंगेत सोडायला रामकुंडापर्यंत जाऊनही आले होते. सोडायला हात होईना, म्हणून परतीच्या वाटेवर माझं दुकान दिसलं तसे आत शिरले.

मी म्हटलं, देव्हारा घेतो, देव नाही. ते म्हणाले, देव्हारा दिल्यावर देव काय खिशात ठेवू? मी सगळंच ठेवून घेतलं. विकायचे झाले तर आधी मला कळवा, एवढी अट घालून त्यांनी फोन नंबर दिला आणि गेले.

मी देव्हारा मागच्या भिंतीशी लावला आणि वर फडकं टाकलं. फडक्याखाली आहे तोवर माल, असा माझा हिशेब. दुपारी बायको डबा घेऊन आली. तिने फडकं उचललं, देवांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळदकुंकू वाहून मोकळी झाली. झालं! एकदा कुंकू लागलं की माल हा माल राहत नाही, हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. दुसऱ्या दिवशी ती फूल घेऊन आली, कारण काय तर काल कुंकू लावलं होतं. तिसऱ्या दिवशी निरांजन आलं. मी भांडलो. ती म्हणाली, पाहुणे समजा. असे पाहुणे मी पाहिले नाहीत, आले ते हलायचं नाव नाही.

डिसेंबर लागला आणि गंगापूर धरणाकडे हॉटेल सजवणारा एक तरुण दुकानात आला. त्याला देव्हारा देवांसकट, आहे तसा हवा होता, पाहुण्यांच्या स्वागताच्या टेबलामागे मांडायला. भाव असा बोलला की सगळ्या खांबांचं दुःख मी विसरलो. मनात म्हटलं, देऊन टाकू. बायकोला काही बोललो नाही, पण शब्द दिला होता म्हणून पुण्याला फोन लावला. म्हाताऱ्यांना गिऱ्हाईक आल्याचं सांगितलं.

"चंपाषष्ठी होऊ द्या शेठ," ते म्हणाले. "खंडोबाची एवढी तळी भरून घेतो. मग तुम्ही मोकळे."

चंपाषष्ठीला ते भल्या पहाटेची बस धरून आले. डब्यात वांग्याचं भरीत आणि रोडगे, सुनेने पहाटे उठून करून दिलेले. तळी भरायला ताम्हन लागतं. माझ्याकडे ताम्हनांना काय तोटा! बायकोने एकाची किमतीची चिठ्ठी काढली आणि चिंचेने घासून लखलखीत केलं. जुन्या ताम्हनाचा काळपट रंग गेला की त्याची किंमत जाते, हे तिला ठाऊक आहे. म्हाताऱ्यांनी त्यात पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा मांडला. आता उचलायला पाच पुरुष हवेत. ते, मी, शेजारचा झेरॉक्सवाला आणि समोरचे कल्हईवाले चाचा. आम्ही डोक्याला रुमाल बांधले, चाचांच्या डोक्यावर टोपी होतीच. पाचवा मिळेना. तेवढ्यात तो हॉटेलवाला तरुण देव्हाऱ्याची मापं घ्यायला टेप घेऊन हजर झाला. तो कोण, हे म्हाताऱ्यांना माहीत नव्हतं. ते म्हणाले, बूट काढा आन् हात लावा.

त्याने बूट काढले. येळकोट येळकोट म्हणत आम्ही तळी उचलली. भंडारा उधळला तो त्याच्या पांढऱ्या शर्टावर आणि माझ्या सगळ्या हंड्याझुंबरांवर. मग रोडगा खाता खाता त्याने मला हळूच विचारलं, देव यांचे का? मी हो म्हटलं. त्याने टेप खिशात घातली आणि दुसरं काही बघू म्हणाला. बघितलंही, घेतलं काही नाही. एवढा मोठा व्यवहार हातचा गेला आणि मला मात्र हलकं वाटत होतं. धंदा करणाऱ्याला हे लक्षण बरं नव्हे. मी तिथेच सगळ्यांसमोर सांगून टाकलं की देव विकणार नाही. म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि बायकोकडे बघून हात जोडले.

संध्याकाळी त्यांना स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. वाटेत म्हटलं, दर चंपाषष्ठीला येत जा, दुकान तुमचंच आहे. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मी आता येणार नाय, शेठ. मी येत ऱ्हायलो तर देव माझीच वाट बघतील. मग तुमचे कवा व्हायचे?"

मला रडू आलं. साठी उलटलेल्या माणसाने भर स्टँडवर रडणं शोभत नाही, पण आलं. विचारलं की यांचं करायचं कसं, ते तरी सांगून जा. मग ते घाईघाईने सांगत सुटले. खंडोबाला रविवारी भंडारा चुकवू नका. देवीला नवरात्रात पुरणाचं करा. ड्रायव्हर चढला, बस सुरू झाली, तसे ते खिडकीतून बाहेर झुकले.

"आन् धुळवडीला वीर गंगेवर न्यायचा. नाचवत न्यायचा. लगीन व्हायच्या आधीच गेला तो, त्याला लय हौस हाय. कराल ना?"

करतो म्हणालो. त्यांनी तोंड आत वळवलं आणि बस गेली.

मी माझ्या लग्नातसुद्धा नाचलो नव्हतो. येत्या धुळवडीला सटाण्याच्या एका मापाड्याच्या आज्याचा भाऊ लाल कापडात छातीशी धरून मला गंगेपर्यंत नाचत जायचं आहे.