बोल्टवरच्या तीन खाचा

हे लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. वडील कराडच्या मार्केट यार्डात हमाली करतात आणि घरातून कॉलेजला गेलेला पहिला मीच. भास, संकेत वगैरे ऐकलं की मी विषय बदलायचो. इथले, या ग्रुपवरचे अनुभव वाचून मनात हसलोही आहे, माफ करा. पण हे मी स्वतः दिवसाढवळ्या, शुद्धीत पाहिलेलं आहे... आणि अडचण तीच आहे.

२००८ साल, कॅनडातलं एडमंटन. मी स्कॉलरशिपवर शिकत होतो आणि नागपूरच्या देशमुख काकांच्या बेसमेंटमध्ये राहायचो. नात्याचे नव्हेत, तरी भाडं घेत नसत. त्यांना जुन्या लष्करी रायफली जमवायचा नाद. रीतसर लायसन्स, कुलपाचं लोखंडी कपाट, सगळं होतं. त्यांच्याजवळ बसून मीही थोडी पारख शिकलो होतो. थ्री-नॉट-थ्री रायफल बघताना पहिली गोष्ट म्हणजे बोल्ट, म्हणजे मागून नळी बंद करणारा पोलादी दांडा. त्याच्या मुठीवरचा नंबर आणि रायफलीच्या अंगावरचा नंबर एकच हवा. तो जुळला तर जोडी मूळची.

दोन तासांवरच्या एका गावात ऑल्गा नावाच्या आजी दिवंगत नवऱ्याची रायफल विकत होत्या. काकांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्यांनी मला बसने पाठवलं. माझ्याकडे कॅमेरा नव्हता, फक्त वही.

आजींनी रायफल किचनच्या टेबलावर ठेवली. मी बोल्ट काढून खिडकीपाशी नेला, दोन्ही नंबर वहीत लिहिले आणि तिथूनच काकांना फोन लावला.

"नंबर जुळतो, काका."

"नीट पाह्य बे. मुठीवर काही खोडखाड?"

"तीन बारीक खाचा आहेत, कानशीने मारल्यासारख्या. नख अडकतंय."

"असू दे. घेऊन टाकू."

आठवड्याने रायफल पार्सलने आली. काकांनी बोल्ट हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. नंबर वेगळा! मूठ गुळगुळीत, एकही खाच नाही.

"म्हातारीनं बदलला," काका म्हणाले. मग माझ्या वहीकडे बघत, "किंवा तू पाह्यलंच नाही. अंगावरचा नंबर दोनदा लिहिला अन् मोकळा झाला. खरं सांग, रागावत नाही मी."

रागावले असते तर बरं झालं असतं. परदेशात माझ्या शब्दाशिवाय माझ्याकडे होतं काय? आणि मी खरा असेन, तर आजी चोर ठरत होत्या. तेही मला पटेना. शनिवारी पुन्हा बस पकडली.

आजींनी आधी खायला वाढलं, मग ऐकून घेतलं. बोल्ट बदललाय म्हटल्यावर जरा दुखावल्या. पण मी तीन खाचा म्हणालो आणि त्यांच्या हातातला चमचा थांबला.

"खाचांचं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी पाहिल्या, या टेबलापाशी."

"ते शक्य नाही, बाळा."

मुलं लहान असताना त्यांचा नवरा बोल्ट काढून लपवून ठेवायचा. प्रत्येक मुलाच्या जन्माला त्याने मुठीवर एक खाच मारलेली. एकदा कुठे ठेवला तेच विसरला. मग दुसरा बोल्ट विकत आणला, आणि तोच आजवर रायफलीत होता.

"आणि मरेपर्यंत म्हणायचा, तूच हरवलास!" आजी म्हणाल्या.

"शोधू या?" मी म्हणालो. हे मी कुठल्या बळावर म्हणालो, माहीत नाही.

बेसमेंट दुपारभर उपसलं. आजी पायरीवर बसून "ते नको, त्यात ख्रिसमसचे दिवे आहेत" असं ओरडत होत्या. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसमागच्या फळीवर, भिंतीला टेकून एक कॉफीचा डबा होता. फळीसकट हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेला, फळीला चिकटलेला. तो रंग नवऱ्याने कित्येक वर्षांपूर्वी, धाकटी मुलगी शाळेत असताना दिला होता, असं आजी म्हणाल्या. मी सुरीने रंग कापून झाकण उघडलं. आत ग्रीस आणि मेणकागद. बोल्ट पुसताना नख अडकलं... एकदा, दोनदा, तीनदा.

नंबर तोच होता, माझ्या वहीतला.

आजींनी तो बराच वेळ हातात धरला. मग रुमालात गुंडाळून मला दिला. म्हणाल्या, "त्याला सांगायला हवं होतं, मी हरवला नव्हता."

घरी काकांनी तो रायफलीत सरकवला. खट्कन बसला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"चुकलं माझं. तू खोटं नव्हता बोलत." मग दुसरा, गुळगुळीत बोल्ट माझ्यासमोर धरून म्हणाले, "पण त्या दिवशी तू रायफलीतून काढला तो हाच. मग तुझ्या हातात काय होतं बे?"

मी तो गुळगुळीत बोल्ट पार्सल उघडेपर्यंत पाहिलाच नव्हता. हे त्यांनाही सांगितलं, आज तुम्हालाही सांगतोय.