नाव खोडलेलं ड्रॉइंग

शेख सर गेल्याचा मेसेज आला आणि मला वाटलं, त्यांच्या मुलाचं व्हॉट्सॲप हॅक झालंय.

दोनदा फोन करून खात्री केली. सरांनीच लावलेली सवय.

सर कशावरही भरवसा ठेवायचे नाहीत. टपरीवरचा चहासुद्धा आधी हुंगायचे.

चाकणला आमची कंपनी पार्टिकल ॲक्सिलरेटरसाठी मॅग्नेट बनवते. सर रिटायर होईपर्यंत आमचे चीफ डिझायनर होते.

तेव्हा एका ॲक्सिलरेटरची एनर्जी वाढवायची होती. एकाच पाइपातून कमी आणि जास्त एनर्जीचे दोन बीम, म्हणजे कणांचे झोत, येणार. आमच्या मॅग्नेटने ते वेगळे करून आपापल्या वाटेला लावायचे. मधे तांब्याचा पातळ पडदा. बीम नीट फाकले नाहीत तर एक थेट पडद्यावर, आणि पडदा जळणार.

एक दिवस सरांनी एक ड्रॉइंग माझ्यापुढे टाकलं. नाव खोडलेलं.

"बाहेरच्या कंपनीचं आहे. आपलं काम पळवायला बघतायत. मला डाउट आहे. चूक शोध."

मी दात-ओठ खाऊन तुटून पडलो. आणि सापडली की.

करंट वाढवला की मॅग्नेटचा जोरही तेवढाच वाढेल, असं धरलं होतं. पण एका मर्यादेनंतर मॅग्नेटमधलं लोखंड ऐकत नाही. जोर कमी पडणार, बीम पडद्यावर आपटणार.

मी भर ऑफिसात विचारलं, "सर, हे कुठल्या गाढवाने केलंय?"

सरांनी चहाचा घोट घेतला. "मी."



"मग नाव का खोडलंत?"

"नाव दिसलं असतं तर शोधली असतीस का रे? तुम्ही माझा मान ठेवाल, भावा. बीम ठेवणार नाही."

त्याच दिवशी त्यांनी डिझाइन बदललं. राग नाही, काही नाही. मला मात्र अजून लाज वाटते त्या 'गाढवा'ची.

सर रिटायर झाल्यापासून त्यांच्या खुर्चीत मी बसतो. परवा माझं नवीन डिझाइन टीममधल्या वैशालीला दिलं. तिने नीट बघितलंही नाही.

"सर, तुमचं आहे म्हणजे बरोबरच असणार."

मला ते खोडलेलं नाव आठवलं.

आज आकुर्डीत सरांना माती देऊन तसाच ऑफिसला आलो. ड्रॉइंगवरचं माझं नाव काढलं आणि तिला पाठवलं. 'बाहेरच्या कंपनीचं आहे. मला डाउट आहे. चूक शोध.'

आत्ताच तिचा रिप्लाय आला.

'सर, चूक सापडली. हे कोणी केलंय?'

शेख सर, शेवटचा सलाम. तुमची फार आठवण येतेय.