चूलबंद आवतण

दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची, एक पाय पायरीवर अन् एक रस्त्यावर ठेवायचा, आणि आत कोण आहे कोण नाही याची फिकीर न करता मोठ्यानं म्हणायचं, "आवतण हाय बरं का!" एवढं झालं की मामा पुढच्या दारात. पाणी विचारलं तर "परत येताना". चहा विचारला तरी "परत येताना". आणि परत येताना ते हटकून दुसऱ्या गल्लीनं जायचे.

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. नसेल तर तुमचं गाव फार मोठं झालंय, असं समजा.

आमचं गाव धाराशिवहून येताना बेंबळीच्या अलीकडं. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचे मामा शिपाई, आणि शाळेतून रिटायर झाल्यापासून मी कार्यवाह. म्हणजे दोघं मिळून आख्खं वाचनालय. खोल्या दोन, कपाटं सात, समोर पटांगणात एक मोठा लिंब. गावात त्यांना सगळेच मामा म्हणायचे, त्यांच्याहून वयानं थोरलेसुद्धा.

मामांचं आधीचं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. गुडघे कुरकुरायला लागले तशी मेंढरं पुतण्यांनी सांभाळायला घेतली आणि मामा पुस्तकांमागं आले. वाचता यायचं, पण एकेक अक्षर जुळवत. त्यामुळं पुस्तकं त्यांनी आपली उंचीनं लावलेली. मी कपाळावर हात मारून घ्यायचो. "अहो मामा, विषयवार लावा की!"

"ल्हानी म्होरं, थोरली मागं. म्हंजे समदी दिसत्यात," मामा म्हणायचे.

पण कुणी पुस्तक मागितलं की गडी बरोबर हात घालून तेच काढायचा. नाव न वाचता कसं कळतं, असं मी एकदा विचारलं. तर माझ्याकडं दयेनं बघत म्हणाले, "मेंढराला काय नाव असतंय व्हय, गुरुजी? तोंडावळा असतुय."

आता माझ्याविषयी सांगायचं तर मी तापट माणूस. छडी शाळेत राहिली, आवाज मात्र माझ्याबरोबर घरी आला. आणि मला एक खोड आहे. वाचनालयात दर महिन्याला एक कार्यक्रम झालाच पाहिजे, अन् तो फुकट असला पाहिजे, असं माझं वेड. डोळ्यांच्या डॉक्टरांचं भाषण ठेवलं. मातीपरीक्षण ठेवलं. नळदुर्गच्या किल्ल्याचे सुंदर फोटो घेऊन एक गृहस्थ एवढ्या लांबून आले. प्रत्येक वेळी मी लाल शाईनं मोठं पत्रक करायचो, 'सर्वांना मुक्त प्रवेश'. गावाच्या ग्रुपवर टाकायचो. किल्ल्याच्या वेळी ग्रुपवर चाळीस अंगठे आले. माणसं आली चार, त्यातलं एक झोपलं, आणि दुसरं पाऊस कधी पडणार ते विचारायला आलं होतं.

त्या गृहस्थांना एसटीत बसवून परत आलो आणि सगळा राग मामांवर काढला. ते खुर्च्या आवरत होते. ज्यांवर कुणी बसलंच नव्हतं त्या खुर्च्यासुद्धा पटक्याच्या टोकानं पुसून आवरत होते.

"माणूस आलं पायजे, गुरुजी," ते शांतपणे म्हणाले. "माणूस आलं की बाकीचं बघता येतंय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला त्याचा इतका वीट आला होता की विचारू नका.

मग जिल्ह्याहून पत्र आलं. वाचक आणि उपक्रम दिसत नसतील तर वाचनालय बंद करून पुस्तकं धाराशिवला जमा करावीत. प्रत्यक्ष पाहणीसाठी अमुक रविवारी साहेब येतील. मी पत्र मामांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ कपाटांकडं बघत राहिले.

"टेम्पोत घालून न्हेनार?"

"हो."

"समदी?"

"सगळी, मामा."

मामा उठले. बाहेर जाऊन लिंबाखाली बसले.  तीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि माझ्या गावाला पुस्तकाच्या दारात आणणं मला जमलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटत होतं.

त्याच रविवारी कार्यक्रम ठेवायचा असं मी ठरवलं. धाराशिवच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई तेर गावी उत्खननात सापडलेल्या जुन्या वस्तूंचा अभ्यास करायच्या. त्या वस्तूंसारखे मातीत घडवलेले नमुने घेऊन त्या गावोगाव फिरायच्या, कुणाकडून काही घेत नसत. त्या यायला तयार झाल्या. मी नेहमीप्रमाणं लाल शाईची बाटली उघडली.

मामा समोर येऊन उभे राहिले. "गुरुजी, भित्तीला कागद डकवून कोन येतंय? आपल्याकडं मयत सोडून कुटंबी जायला आवतण लागतं. म्या देतो."

मी साहेबांसाठी अहवाल लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, "द्या. पण बायकाही दिसल्या पाहिजेत. साहेब ते आधी बघतात."

"मग घरटी येक सांगू का चूलबंद सांगू?"

"तुम्हाला योग्य वाटेल ते सांगा हो! मला लिहू द्या."

तुमच्यापैकी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं आवतण दोन तऱ्हेचं. 'घरटी एक' म्हणजे घरातल्या एकानं जेवायला यायचं. 'चूलबंद' म्हणजे त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही. म्हातारंकोतारं, लेकीसुना, पाळण्यातलं पोर, सगळ्यांनी आवतण देणाऱ्याच्या दारी जेवायचं. हे मला जन्मापासून माहीत. पण मी अहवाल लिहीत होतो.

तीन दिवस मामा दारोदार हिंडले. माझ्या दारी ते सगळ्यात शेवटी, रविवारी सकाळी आले. तेव्हा मी अंघोळीला होतो.

अकराला वाचनालयात गेलो, अन् पटांगण बघून माझे डोळेच भरून आले. माणूसच माणूस! इरकली लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या, ठेवणीतल्या साड्यांमधल्या सुना, मुजरा केल्यासारखे वाकून वाकून आत डोकावणारे बाप्ये. खुर्च्या पुरेनात, सतरंज्या पुरेनात. प्राध्यापक बाई म्हणाल्या, "सर, तुमच्या गावाला केवढी आवड आहे हो!" मी नम्रपणे हसलो. आयुष्यात इतका खोटा नम्र मी कधी झालो नव्हतो.

तेवढ्यात आमची मंडळी गर्दीतून वाट काढत आली आणि कानाशी म्हणाली, "अहो, स्वयंपाक कुठं केलाय? कुठंच धूर दिसेना."

"कसला स्वयंपाक?"

"मामा चूलबंद सांगून गेलेत की. बायका म्हणतात, आचारी धाराशिवचा असंल, आजकाल टेम्पोतून येतं सगळं."

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. चूलबंद सांगून उपाशी परत पाठवणं म्हणजे गावाचा अपमान. त्यानंतर या दारात कुणी पाऊल टाकलं नसतं. आणि बाराला साहेब येणार होते.

मामांना हाताला धरून कपाटामागं नेलं. "मामा, हे काय करून बसलात?"

"घरटी येक म्हनलो असतो तर घरटी येक गडी आला असता," मामा म्हणाले. "बाया चुलीम्होरंच ऱ्हायल्या असत्या. चूल बंद झाल्याबिगर बाई भाईर निघत न्हाय, गुरुजी."

"अहो पण जेवणाचं काय?"

मामांनी चटकन बाहेरच्या गर्दीकडं वळून बघितलं. तीन दिवस हा माणूस माणसं आणायच्या नादात होता. त्यांना खायला घालायचं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. "म्या... म्या म्हनलो, माणूस आलं की बाकीचं बघता येतंय," ते पुटपुटले.  आणि मी काय करावं? मी ओरडलो. "आता बघा बाकीचं!"

 मामा बाहेर गेले, सगळ्यांच्या पुढ्यात उभे राहिले आणि डोक्यावरचा पटका काढून जमिनीवर ठेवला. मी उभ्या आयुष्यात त्यांना उघड्या डोक्यानं पाहिलं नव्हतं. 

"जेवन न्हाय," मामा म्हणाले. "तुमी यावं म्हनून म्या चूलबंद सांगितलं. आज सायब येनार, आन् माणूस दिसलं न्हाय तर पुस्तकं घिऊन जानार. गुरुजींचा ह्यात काय दोष न्हाय. चूक माजी हाय."

मी दारात उभा होतो, दोन्ही पाय उंबऱ्याच्या आत ठेवून. 'यांनी मला विचारलं होतं, मीच ऐकलं नाही,' एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. पण मी गप्प राहिलो. आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतोय.

मागून एक म्हातारा करवादला, "ही काय तऱ्हा झाली?" दोघंतिघं उठायलाच लागले. तेव्हा बायकांमधून मामी उठल्या. मामांची बायको. नवरा इतकी वर्षं इथं नोकरीला, पण ही बाई वाचनालयाची पायरी त्या दिवशी पहिल्यांदा चढलेली. तरातरा पुढं आल्या, पटका उचलला, झटकला आणि मामांच्या हातात दिला.

"घाला डोस्क्यावर. ऊन लागंल," त्या म्हणाल्या, आणि बायकांकडं वळल्या. "आगं बघताय काय? चूल घरी बंद हाय, हितं कुनी बंद केलीया? माज्या घरी ज्वारीचं पीठ हाय. घरटी वाटीभर डाळीचं पीठ आना. दगडं मांडा."

बस्स. पंधरा मिनिटांत लिंबाखाली पाच चुली पेटल्या. कुणी पीठ आणलं, कुणी तेल, कुणी मिरच्या-लसूण. करवादणारा म्हातारा सरपणाचा भारा घेऊन आला. बायका आत बसणार नाहीत हे बघून प्राध्यापक बाईंनी नमुन्यांच्या पेट्या उचलून सरळ चुलींजवळ आणल्या. एका हातानं धूर वारत त्या वस्तू दाखवायला लागल्या. मातीचा एक खरखरीत तुकडा हातात धरून म्हणाल्या, "दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तूचा हा नमुना आहे. कशासाठी असेल, ओळखा बरं?"

भाकरी थापता थापता मामींनी मान वळवली. "ईऽ, वजरी हाय की ती! टाचा घासायची. आमच्या न्हाणीत हाय तसली."

"अगदी बरोबर!" बाई आनंदानं ओरडल्याच.

"म्हंजे तवाबी बायांच्या टाचा फुटत व्हत्या?" एका सुनेनं विचारलं.

"फुटनारच. तवा तरी बसू कोन देत व्हतं?" मामी म्हणाल्या, आणि सगळं पटांगण हसलं. मग काय, तो तुकडा या हातातून त्या हातात फिरला. तेव्हा जातं होतं का, बांगड्या कशाच्या होत्या, तेलाचा दिवा कसा होता, बाईंना श्वास घेऊ देईनात.

त्यातच साहेबांची गाडी आली. धूर, गर्दी, पिठल्याचा वास. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "कार्यवाह कोण? भंडारा आहे का इथं?"

मी अहवाल घ्यायला आत पळालो. मामाच पुढं झाले. "कार्यक्रम हाय सायब, जुन्या वस्तूंचा. पाटावर बसा."

साहेब पाटावर बसले. त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी 'अर्धीच' म्हणून पूर्ण खाल्ली, आणि तेवढा वेळ त्या बायकांचे प्रश्न ऐकत राहिले. मी माझा अहवाल पुढं केला. त्यांनी तो न उघडताच मांडीखाली ठेवला.

"गुरुजी," ते म्हणाले, "सह्यांची रजिस्टरं मी गावोगाव बघतो. माणसं आज बघितली. चालू द्या तुमचं वाचनालय."

मी कपाटामागं गेलो आणि खाली बसून घेतलं.  थोड्या वेळानं मामा तिथं आले, दोन ताटल्या घेऊन. आम्ही दोघं पुस्तकांच्या सावलीत पिठलं-भाकरी जेवलो. मी म्हणालो, "मामा, तुम्ही मला विचारलं होतं."

"काय की. माज्या काय ध्यानात न्हाय," मामा म्हणाले, आणि ठेचा पुढं सरकवला. त्यांच्या चांगलं ध्यानात होतं.

तेव्हापासून वाचनालयात बायका यायला लागल्या. मामींनी एक जाड पुस्तक नेलं आणि दोन महिने परत केलं नाही. मामा घरी रोज तगादा लावायचे म्हणे. आवतण पुढंही मामाच द्यायचे. फक्त शेवटी एक शेपूट जोडायचे, "जेवून या बरं का!" आणि वर्षातून एकदा, त्या रविवारच्या आठवणीला, लिंबाखाली चुली मांडायच्या आणि पीठ घरटी आणायचं, असा रिवाजच पडला.

मागच्या थंडीत मामा गेले. कुणाला त्रास नाही, दवाखाना नाही. आदल्या दिवशी खुर्च्या पुसून गेले होते. पुस्तकं मी अजून विषयवार लावलेली नाहीत. उंचीनं लावली की खरंच सगळी दिसतात.

यंदा चुलींचा रविवार जवळ आला, तर आवतण द्यायला कोण? शेवटी मीच निघालो. शिक्षकाला लाज कसली, असं म्हणत दारोदार हिंडलो, आणि मुद्दामच मामांचं घर शेवटी ठेवलं. चौकटीवर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केली. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. 

"आवतण हाय बरं का," मी म्हणालो.

आत भांडी थांबली.  मग मामींचा आवाज आला.

"घरटी येक, का चूलबंद?"

या वेळी मी प्रश्न नीट ऐकला.

"चूलबंद, मामी."

"मग थांबा, पीठ घिऊन येते," त्या म्हणाल्या, आणि आतून गॅसचं बटण बंद केल्याचा आवाज आला.