धाकट्या जावेचे दाणे

आज एकादशी. माझी धाकटी जाऊ सुमन ओट्याशी उभी राहून भाजलेले शेंगदाणे तळहातांवर चोळत होती, फुंकर मारून सालं उडवत होती आणि बोलता बोलता दोनचार दाणे तोंडात टाकत होती. आपण काही खातोय याकडे तिचं लक्षही नव्हतं. मी लांब, मागच्या दाराशी बसून बघत होते आणि जळत होते. मला एक दाणा पोटात गेला तरी अंगभर गांधी उठतात, ओठ सुजतात.

डॉक्टरांनी एकदा समजावलं होतं. दाण्यातल्या काही प्रथिनांना साखरेच्या बारीक साखळ्या चिकटलेल्या असतात, आणि आपल्या पेशींवर ती साखर ओळखून धरणारी दुसरी प्रथिनं असतात. त्यांनी दाण्याला असं धरलं, की एखाद्याचं शरीर त्याला शत्रू ठरवून बसतं. म्हणजे माझं शरीर पकडतं ते दाण्यातलं गोडच, आणि वैर तिथून सुरू होतं.

मनाचंही तसंच असावं. सुमन कजाग असती, तर मी तिच्यावर इतकी जळले नसते.

"ताई, तुमची खिचडी दाणे भाजायच्या आधीच वेगळ्या कढईत करून ठेवलीय," ती म्हणाली. "ओलं खोबरं घातलंय. गरम आहे तोवर खाऊन घ्या."

खिचडी सुरेख झाली होती. घासागणिक मला वाटत होतं, निदान मीठ तरी विसरायचं होतं हिनं.